1928 सालची ट्राम अजून रोज कामावर कशी येते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मिलानमध्ये तुम्हाला पिवळ्या-क्रीम रंगाची, लाकडी बाकांची ट्राम दिसली. कामावर निघालेली माणसं, शाळेची पोरं, भाजीची पिशवी घेतलेल्या आजी, सगळे तिच्यात चढत होते. कुणीतरी सांगितलं की गाडी 1928 सालची आहे. हे खरं, की पर्यटकांसाठी जुन्या वळणाची नवी गाडी बांधली आहे? खरं असेल तर सुटे भाग येतात कुठून? बसायला धोका नाही ना? आणि मग मुंबईची ट्राम का टिकली नाही?

गाडी खरी आहे. माझी सगळी नोकरी मुंबईच्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवरच्या) लोकलच्या कारशेडमध्ये गेली, बहुतेक काळ ट्रॅक्शन मोटरींवर, म्हणजे गाडी ओढणाऱ्या मोटरींवर. निवृत्त झाल्यावर चार महिने लेकीकडे मिलानला राहिलो. ती ऑफिसला गेली की मी एक नंबरची ट्राम पकडायचो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत यायचो. तिला वाटायचं, बाबा शहर बघतायत. बाबा ड्रायव्हरचा डावा हात बघत होते. त्यामुळे उत्तर जरा कारशेडच्या अंगाने येईल, चालवून घ्या.

मिलानचे लोक या गाडीला 'व्हेंतोत्तो' म्हणतात, म्हणजे 'अठ्ठावीस'. (लिस्बनच्या प्रसिद्ध 28 नंबरशी गल्लत करू नका. तिथे 28 हा मार्गाचा आकडा आहे, इथे सालाचा.) मिलानच्या नगरपालिकेने 1917 मध्ये ट्राम स्वतःच्या ताब्यात घेतली. 1926 मध्ये शहरातली वाहतूक डाव्या बाजूची उजवीकडे आली आणि कॅथीड्रलसमोरच्या चौकात ट्राम गोल फिरायच्या तो फेराही त्याच वर्षी बंद झाला. रस्त्याची बाजूच बदलल्यावर जुन्या गाड्यांची दारं, थांबे, वळणं सगळ्यांचाच हिशेब नव्याने मांडावा लागला. 1927 मध्ये दोन नमुना गाड्या आल्या आणि 1928 ते 1930 या काळात त्याच नमुन्याच्या 500. क्रमांक 1501 ते 2002. वेगवेगळ्या कारखान्यांनी बांधल्या, पण नकाशा एकच. हा 500 चा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावर येणार आहे.

नमुना अमेरिकेतला. क्लीव्हलँड शहरात पीटर विट नावाचे ट्रामचे आयुक्त होते. त्यांनी 1914-15 च्या सुमारास ही रचना बसवली आणि अशा गाड्या आजही त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. त्यांची अडचण आपल्याला नवी नाही. माणसं दारात पैसे द्यायला थांबतात आणि तोवर गाडी खोळंबते. त्यांनी कंडक्टर मधल्या दाराशी बसवला. पुढच्या दाराने सगळे भराभर आत घ्यायचे, गाडी सोडायची, आणि पैसे कंडक्टरला ओलांडून मागे जाताना किंवा मधल्या दाराने उतरताना द्यायचे. गाडीचा पुढचा भाग म्हणजे चालता-फिरता प्रतीक्षाकक्षच. मिलानने पुढे मागच्या बाजूला तिसरं दार बसवलं, कालांतराने कंडक्टर गेला आणि तिकिटाची यंत्रं आली. सांगाडा मात्र तोच राहिला.

आता मूळ मुद्दा. अशी गाडी टिकते का?

एक नंबरची ट्राम ला स्काला नाट्यगृहाच्या समोरून जाते. तिथे उभी असताना एकदा मी बरोबर ड्रायव्हरच्या पाठीशी होतो. बाई होती, पस्तिशीची असेल. डावा हात कंट्रोलरच्या, म्हणजे मोटरींची वीज पायरीपायरीने वाढवणाऱ्या पेटीच्या, हँडलवर, उजवा हवेच्या ब्रेकवर. दारं फटकन मिटली. तिने हँडल पहिल्या पॉइंटवर, म्हणजे पहिल्या पायरीवर आणलं, गाडीने अंग हलवलं. मग दुसरा, तिसरा, प्रत्येक पॉइंटला हाताखाली 'खट्' असा आवाज आणि पाठीला हलकासा धक्का. मध्येच तिने हँडल झटक्यात शून्यावर आणलं, क्षणभर गाडी नुसती घरंगळू दिली आणि ब्रेक लावला, कारण पुढे एक डिलिव्हरीवाला सायकल घेऊन रुळावर रेंगाळत होता. घंटा दिली, तो बाजूला झाला, पुन्हा पहिल्यापासून खट्, खट्, खट्. पुढे एका सांध्यापाशी तर ती लोखंडी सळई घेऊन खाली उतरली, सांधा फिरवला, वर आली, हात पुसले आणि निघाली. चालक आणि सांधेवाला एकच.

त्या 'खट्'मध्ये काय होतं ते सांगतो. डीसी सिरीज मोटर उभी असते तेव्हा वीजेच्या दृष्टीने ती तांब्याची गुंडाळी, बाकी काही नाही. तिला तारेतले 600 व्होल्ट थेट दिले तर करंट बेफाम वाढतो. मोटर फिरू लागली की ती स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते आणि करंट आवरतो. म्हणून सुरुवातीला वाटेत रेझिस्टन्स, म्हणजे वीज अडवणारे तुकडे, घालायचे आणि गाडी वेग धरेल तसे एकेक काढायचे. सगळे निघाले की मोटरींच्या जोड्या सिरीजमधून (एकामागे एक) पॅरललमध्ये (शेजारी-शेजारी) घ्यायच्या, पुन्हा थोडे रेझिस्टन्स घालायचे आणि काढायचे. आमच्या 1500 व्होल्टच्या डीसी लोकलमध्ये हे काम कॅमशाफ्ट, म्हणजे स्विच क्रमाने दाबणारा फिरता दांडा, आपोआप करायचा, मोटरमनने हँडल धरून ठेवायचं. मिलानच्या या ट्राममध्ये तो हिशेब माणसाच्या मनगटात आहे. घाईने पॉइंट ओढले तर ब्रेकर उडतो, रेंगाळत ओढले तर रेझिस्टन्स तापत राहतात. नव्या गाडीत हेच काम इलेक्ट्रॉनिक्स करतं, जास्त चांगलं करतं आणि ब्रेक लावताना वीज तारेत परतही देतं. व्हेंतोत्तो वीज उधळते, त्यात वाद नाही.

पण एक गोष्ट बघा. या सगळ्या साखळीत न उघडता येणारा डबा एकही नाही. कंट्रोलरचं झाकण काढलं की आत तांब्याच्या पट्ट्या आणि त्यांवर टेकणारी बोटं दिसतात. कुठलं बोट जळलंय ते डोळ्याला कळतं. कानशीने घासा, नाही भागलं तर नवीन करून बसवा. मोटरचंही तेच. कम्युटेटर, म्हणजे ब्रश जिथे टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा फिरता गोल, बघून आमचे जुने फिटर मोटरची तब्येत सांगायचे, वैद्य जीभ बघून सांगतो तसं. रंग चॉकलेटी, एकसारखा, गुळगुळीत असेल तर हात लावू नका, छान चाललंय. काळे डाग पडले, पट्ट्या एकाआड एक काळ्या-तांबड्या दिसू लागल्या की ब्रशचा दाब, ब्रशचा दर्जा, नाहीतर आतली वाइंडिंग तपासायला घ्या. लेथवर चढवून पातळ थर उतरवायचा, पट्ट्यांमधला अभ्रक खाली कोरायचा, नवे कार्बन ब्रश गोलाईला घासून बसवायचे. जळलीच मोटर तर पुन्हा वाइंड करायची. तांबं आणि इन्सुलेशन जगात मिळतंय तोवर ती मोटर मरत नाही.

चाकांचंही असंच. लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव कशी चढवतो ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. लोखंडी कडं तापवून फुगवायचं, चाकावर बसवायचं, वर पाणी ओतायचं की ते आवळून बसतं. जुन्या रेल्वे आणि ट्रामच्या चाकांवरचे पोलादी टायर याच तत्त्वावर बसतात, फक्त मापं मिलिमीटरच्या अंशात आणि पाण्याऐवजी सावकाश थंड होऊ देणं. झिजलं की टायर बदलायचं, आतलं चाक तसंच राहतं. ब्रेक जोरात लागून चाक घसरलं तर टायरला सपाट चट्टा पडतो आणि गाडी 'ठक्-ठक्' करत धावते. मग व्हील लेथवर चाक गोल करून घ्यायचं. मिलानला पानगळीत रुळांवर ओली पानं पडलेली असताना असं ठकठकणारं एक चाक मी ऐकलं आणि खरं सांगतो, घरी आल्यासारखं वाटलं.

दुरुस्त होणं आणि दुरुस्त होत राहणं यात मात्र फरक आहे, आणि 500 चा आकडा इथे कामाला येतो. एकाच नकाशाच्या 500 गाड्या असल्या की त्यांच्यासाठी साचे, गेज, जिग, उचलायचे स्टँड, सगळं एकदाच करायचं आणि ते कधीच फुकट जात नाही. पुढे मार्ग कमी झाले, गाड्या निवृत्त झाल्या, पण त्यांच्या मोटरी, अ‍ॅक्सल, कंप्रेसर उरलेल्यांच्या कामी आले. आज सव्वाशेच्या आसपास गाड्या सेवेत आहेत. सव्वाशे म्हणजे वर्कशॉपला वर्षभर पुरेल इतकं काम. मिलानमध्ये तेओदोसियो नावाच्या रस्त्यावर ट्रामचा मुख्य वर्कशॉप आहे. मला आत जायला मिळालं नाही, फाटकातून डोकावून जेवढं दिसलं तेवढंच. पण बाहेर धावणाऱ्या गाड्या बघून आतलं कळतं. दारांची हवा वेळेवर सुटते, बाकाच्या पट्ट्यांवर वॉर्निश ताजं आहे, कंप्रेसर सुरू होतो आणि ठरल्या दाबाला थांबतो. हे काम हौशी मंडळ रविवारी येऊन करत नाही. तिथे पगारी फिटर आहेत, त्यांच्या हाताखाली शिकणारी पोरं आहेत, आणि 1928 पासून ही साखळी तुटलेली नाही. 1943 च्या ऑगस्टमधल्या बॉम्बहल्ल्यांत मिलान होरपळलं, ट्रामही जळल्या. त्यानंतरही शहराने याच गाड्या पुन्हा उभ्या केल्या, कारण त्या कशा बांधायच्या हे माहीत असलेली माणसं तिथेच होती.

उभ्या गाडीचं काय होतं ते मी स्वतः भोगलंय. एका रेकला (डब्यांच्या पूर्ण गाडीला) बाहेरून घेतलेलं एक नियंत्रण युनिट होतं, त्यातलं एक कार्ड गेलं. ज्या कंपनीचं ते होतं तिने ते बनवणं बंद केलेलं. पत्रव्यवहार चालू राहिला आणि रेक यार्डात, ऐन पावसाळ्यात. कार्डाची सोय झाली तोवर मोटरींनी दमट हवा पिऊन घेतली होती. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला तर इन्सुलेशनचं वाचन बघवेना. मोटरी काढून भट्टीत सुकवाव्या लागल्या, ब्रेकची रबरं कडक झालेली, कम्युटेटरवर ब्रशखाली हिरवट डाग. बिघाड एका कार्डाचा, पण न धावल्यामुळे सगळी गाडी आजारी. म्हणून कोणी म्हणालं की एवढी जुनी गाडी रोज कशाला दामटता, जपून ठेवा, की मला हसू येतं. रोज धावते म्हणूनच तिच्या बेअरिंगना तेल फिरतं, मोटर कोरडी राहते, आणि कुठे काय बिघडतंय हे ड्रायव्हर त्याच संध्याकाळी वहीत लिहितो.

'मूळ' किती उरलं, असंही लोक विचारतात. लिस्बनमध्ये याचं वेगळं उत्तर दिलंय. तिथल्या पिवळ्या गाड्यांचे डबे 1930 च्या दशकातले, पण 1990 च्या दशकाच्या मध्यात पंचेचाळीस गाड्यांना खालून नवे ट्रक (चाकांचे सांगाडे), नव्या मोटरी, नवे ब्रेक दिले. तिथले रूळ 900 मिलिमीटर रुंदीचे, चढ भयंकर, तेरा टक्क्यांवर, आणि तेही दोरखंडाशिवाय, निव्वळ चाकाच्या पकडीवर. जुन्या ब्रेकवर विसंबून राहणं तिथे परवडलं नसतं, मी असतो तर हेच केलं असतं. मिलान सपाट आहे, म्हणून तिथे जुनं यंत्र जुन्याच पद्धतीने चालू शकतं. तरी मिलानच्या गाडीतही खूप बदललंय. तारेवरून वीज घेणाऱ्या जुन्या काठीच्या जागी पँटोग्राफ, म्हणजे छतावरची घडीची चौकट आली. रंग तर पिवळ्याचा दोन छटांचा हिरवा झाला, सत्तरच्या दशकात नारिंगी आणि आता पुन्हा पिवळा-क्रीम. आजीची गोधडी असते ना, दर दोन-तीन वर्षांनी एक पदर नवा, कुठे लुगड्याचा तुकडा, कुठे नातवाच्या सदऱ्याचा. ती आजीचीच गोधडी असते आणि पांघरायला रोज लागते. तसंच हे.

जुन्याचं कौतुक करताना एक भोंगळ गोष्ट नेहमी ऐकू येते, ती खोडून टाकतो. न्यू ऑर्लिन्समध्ये सेंट चार्ल्स मार्गावर 1923-24 च्या हिरव्या ट्राम धावतात. 2005 च्या कॅटरिना वादळात कॅनाल मार्गाच्या नव्या लाल ट्राम पुराच्या पाण्यात गेल्या आणि जुन्या हिरव्या वाचल्या. काही काळ कॅनाल मार्गावरही हिरव्याच धावल्या. लगेच लोक म्हणाले, बघा, जुनं ते सोनं. अहो, हिरव्या गाड्यांचं शेड उंचावर होतं, पाणी तिथे पोचलं नाही, एवढंच. बुडाल्या असत्या तर त्यांच्याही मोटरी काढून भट्टीत घालाव्या लागल्या असत्या. शेड कुठे बांधायचं याचा तो धडा आहे, फार तर.

सुरक्षिततेचं विचारलंत. सांगाडा पोलादी, ब्रेक हवेचे, घसरू नये म्हणून चाकापुढे रुळावर वाळू सोडायची सोय, वेग शहराच्या रस्त्याचा. तुम्हाला जाणवेल तो त्रास वेगळा आहे. पायऱ्या उंच. चाकाची खुर्ची असलेल्या माणसाला ही गाडी उपयोगाची नाही, गुडघे दुखणाऱ्यालाही नाही, आणि हा दोष मोठा आहे, त्याला नॉस्टॅल्जियाची फुंकर घालू नये. उन्हाळ्यात आत भट्टी होते, खिडक्या उघडून भागवायचं. मिलानकडे कमी उंचीच्या तळाच्या आधुनिक ट्रामही भरपूर आहेत, म्हणूनच त्यांना व्हेंतोत्तो ठेवणं परवडतं. एकटीवर सगळा भार असता तर मी म्हणालो असतो, बदला.

आता मुंबई. 9 मे 1874 ला घोड्याची ट्राम कुलाब्याहून पायधुणीकडे निघाली. 7 मे 1907 ला विजेची आली, 1920 मध्ये दुमजली. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची गाडी गेली. तिची खूण म्हणजे आपण अजून म्हणतो ते 'दादर टी.टी.', ट्राम टर्मिनस. कितीतरी लोक रोज ते नाव घेतात आणि पहिला 'टी' कशाचा हे त्यांना ठाऊक नसतं. त्याच 1964 च्या 1 नोव्हेंबरला मिलानने आपली पहिली मेट्रो सुरू केली. मेट्रो आली म्हणून त्यांनीही ट्रामचे बरेच मार्ग काढले, ते काही संत नव्हते. पण शहराच्या मध्यातलं जाळं ठेवलं, म्हणजे डेपो राहिले, म्हणजे वर्कशॉप राहिला, म्हणजे फिटर राहिले. आपल्याकडे मोटारी आणि बस वाढल्या, रस्त्याच्या मधोमध धावणारी ट्राम आड येते असं ठरलं आणि सगळंच एका रात्रीत संपलं. ज्या दिवशी शेवटचा डेपो बंद होतो त्या दिवशी नुसत्या गाड्या जात नाहीत, कंट्रोलरची बोटं कशी जुळवायची हे जाणणारे हातही दुसऱ्या कामाला लागतात. दहा वर्षांनी पैसे असले तरी ते हात परत आणता येत नाहीत.

म्हणून फोर्टमध्ये हौसेखातर एक ट्राम फिरवा, अशी सूचना आली की माझं मत विरोधात जातं. एक गाडी चालवणं पन्नास चालवण्यापेक्षा अवघड. एका गाडीसाठी साचे कोण करणार, व्हील लेथ कोण ठेवणार, शिकाऊ पोरगा दिवसभर काय करणार? ती बिघडली की सेवा शून्य. कोलकात्याकडे बघताना मला याचीच धास्ती वाटते. 1873 मध्ये घोड्यावर सुरू झालेली, 1902 पासून विजेवर आलेली ती ट्राम. सप्टेंबर 2024 मध्ये तिथल्या परिवहनमंत्र्यांनी एस्प्लनेड ते मैदान असा एकच वारसा मार्ग ठेवून बाकीचे बंद करण्याचं जाहीर केलं. ऐकायला जतन वाटतं. पण मार्ग इतका आखूड आणि गाड्या इतक्या थोड्या झाल्या की वर्कशॉप कशाच्या जोरावर चालू ठेवायचा? आमच्या हार्बरवरच्या शेवटच्या डीसी लोकल 2016 च्या एप्रिलमध्ये गेल्या. त्या जाणं योग्यच होतं, 25 हजार व्होल्टच्या एसीत वीज वाचते, गाडी हलकी पळते. पण आज कोणी म्हणालं की त्यातली एक धावती ठेवा, तर तिला डीसी वीज कुठून देणार इथपासूनच प्रश्न सुरू होतात.

पुन्हा मिलानला गेलात तर एक नंबरमध्ये बसा, पण बसू नका. पुढच्या दाराने चढून ड्रायव्हरच्या मागे उभे राहा. फोटो नंतर काढा. गाडी सुटताना डाव्या हाताचे पॉइंट मोजा, आणि मध्ये कुठे हात किंचित जास्त थांबतो ते बघा. सिरीजची शेवटची पायरी आली की तिथे कुठलाच रेझिस्टन्स मध्ये नसतो, गाडी हवा तितका वेळ त्या पॉइंटवर चालवता येते. गर्दीच्या रस्त्यावर मुरलेला ड्रायव्हर तिथेच राहतो, पुढे जातच नाही. शिकाऊ असेल तर पुढे ओढतो आणि दुसऱ्याच मिनिटाला ब्रेक लावतो.